नेला त्या दिवसाचा निळा

मालनमावशींच्या स्वयंपाकघरात लाल तिखट नव्हतं. इंदिरानगरमध्ये त्यांचं पोळी-भाजी केंद्र होतं, आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे. हॉस्टेलची मुलं, कंपन्यांतले लोक, एकटे राहणारे म्हातारे, सगळ्यांना त्यांचे डबे जायचे आणि त्यातल्या एकाही भाजीवर लाल तवंग नसायचा. सगळं हिरव्या मिरचीत नाहीतर काळ्या मसाल्यात. रविवारी मिसळसुद्धा हिरव्या रश्श्याची. ज्या शहरात लोक मिसळीच्या तर्रीवरून भांडतात, त्या शहरात ती संपायची. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, ही त्यांची खासियत असेल.

"काळ्या मसाल्यात पण लाल मिरचीच असते ना मावशी?" असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "असती. पण भाजून तिची खोड मोडलेली हाय."

घरात लाल बादली नाही, लाल पायपुसणं नाही. गॅसचा सिलिंडर लालच येतो, त्याला कोण काय करणार? मावशींनी त्याला गोणपाटाचं झबलं शिवलं होतं, बंदासकट. सिलिंडर बदलायला येणारा माणूस आधी झबलं उतरवायचा, मग कामाला लागायचा. आमचे पप्पा एकदा म्हणाले, "मालनताई, मग टोमॅटो कसा चालतो तुम्हाला?"

"टोमॅटोनं माझं काय वाकडं केलंय?" मावशी म्हणाल्या.

म्हणजे वैर रंगाशी नव्हतं. ते एका माणसाशी होतं आणि त्या माणसाचं नाव त्या घेत नसत. त्याला त्या 'तो लाल' म्हणायच्या. तो त्यांचा धाकटा दीर होता.

आमचं रंगाचं दुकान आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे कॉलेजही केलं, आणि नोकरीच्या मुलाखतींमध्ये तोंडातून शब्द फुटेना म्हणून शेवटी पप्पांच्या दुकानात रंग मिसळायच्या मशीनवर बसले. मला ते काम आवडतं. नमुना मशीनला दाखवायचा, ती प्रमाण सांगते, त्याप्रमाणे डब्यात रंग पाडायचा, झाकण लावून हलवायचा. गिऱ्हाइकाशी फार बोलावं लागत नाही. लोक भिंतींसाठी येतात, एका पांढऱ्यावरून नवरा-बायको तासभर वाद घालतात, मी शेड कार्ड धरून उभी असते आणि बघत असते.

मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी काउंटरवर स्टीलचा जेवणाचा डबा ठेवला. मला वाटलं पप्पांचा डबा आलाय. त्यांनी झाकण काढलं, आत मलमलच्या फडक्यात पत्र्याचा एक तुकडा होता. एका बाजूनं गंजलेला, दुसऱ्या बाजूनं निळा, अगदी टवटवीत.

"ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सचं झाकण हाय," त्या म्हणाल्या. "आतली बाजू. हितं ऊन नाय, पाणी नाय. हा कंपनीचा मूळ रंग. असाच पाहिजे, ह्याच्यापेक्षा एक केस इकडं नाय आन् तिकडं नाय."

मी तुकडा मशीनला लावला. आकडे आले. मावशी वाकून पडद्याकडे बघत होत्या.

"ही कुणाचं ऐकून तर नाय सांगत?"

मी मान हलवली.

"मग बरंय. हिला भावकी नाय."

खुर्ची दिली तरी त्या बसल्या नाहीत. रंग तयार होईपर्यंत उभ्याच राहिल्या, आणि मी काही विचारत नव्हते म्हणूनच बहुधा, त्यांनी मला सगळं सांगितलं. मला असं बऱ्याचदा होतं. गप्प माणसाला लोक सांगतात.

त्यांचं सासर कळवणच्या बाजूचं, डाळिंबाच्या बागांचं गाव. यजमानांचं नाव नामदेव. हे नाव मला पप्पांकडून कळलं, मावशी त्यांना 'मालक' म्हणायच्या. गावातला तो बहुतेक पहिला निळा ट्रॅक्टर. नामदेवांनी तो नांगरटीची कामं करून करून उभा केला, पण कागद सासऱ्यांच्या नावावर, कारण तेव्हा घरात तसंच असे. नामदेव चालवायचे आणि मावशी डाव्या मडगार्डवर बसून शेतात जायच्या. गावातल्या दुसऱ्या कुठल्याच बाईला तेव्हा तसं बसायची मुभा नव्हती. "बायका तोंडाला पदर लावून हसायच्या," मावशी म्हणाल्या. "हसू दे. मी वरून बघायचे त्यांच्याकडं."

पंचवीसेक वर्षांपूर्वी नामदेव अचानक गेले. मुलगी लहान होती. दिवसांत मावशी आतल्या खोलीत बसून होत्या. तेराव्याच्या आदल्या दिवशी त्या पाणी पाजायला मुलीला घेऊन दारात आल्या आणि समोर अंगणात ट्रॅक्टर उभा होता, लाल. दिरानं कळवणहून रंगारी आणून तो रंगवून घेतला होता. मागं स्वतःच्या मुलाचं नावही टाकलं होतं.

"माझ्या कपाळाचं पुसलं," मावशी म्हणाल्या, "आन् तिकडं बोनेटला फासलं. तेरा दिवस पण थांबला नाय तो."

त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, पोळ्या किती लागतील ते सांगावं तशा. मी डब्याचं झाकण ठोकत होते. ते नीट बसलं होतं तरी आणखी ठोकत राहिले.

त्यांच्या गावात पोळ्याला एक पद्धत आहे. संध्याकाळी वेशीत तोरण बांधतात, बैल आणि आता ट्रॅक्टरही सजवून रांगेनं त्याच्याखालून नेतात. तोरणाशी गावातले जुने जाणते बसतात. प्रत्येक जोडी आली की ते विचारतात, "कुणाची?" आणि त्या घरातल्या कर्त्या पुरुषानं मोठ्यानं नाव सांगायचं. मग जोडी पुढे. गावाच्या दृष्टीनं मालकी तिथं ठरते, तलाठ्याकडे नाही. नामदेव होते तोवर त्यांचं नाव पुकारलं जाई. त्या वर्षी लाल ट्रॅक्टर तोरणाशी आला आणि दिरानं स्वतःचं नाव सांगितलं. कुणी काही बोललं नाही. रंगच वेगळा होता, बोलणार काय?

मावशींनी मुलीला घेतलं आणि नाशिकला आल्या.

"मला पैसे नकोत, जमीन नको," त्या मला म्हणाल्या. "त्याच वेशीत, त्याच्याच तोंडून मालकांचं नाव पाहिजे. मी घेतलं तर काय उपयोग? मी तर रोजच घेते, मनात."

पुण्याला असलेली त्यांची मुलगी फोनवर सांगायची, आई, सोड आता. मावशी म्हणायच्या, "हो, सोडते," आणि फोन ठेवायच्या.

दिरानं तो ट्रॅक्टर शेवटी भंगारात घातला. भाजीच्या टेम्पोवाल्याकडून मावशींना ही बातमी कळली आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला गाठून तो विकत घेतला. आता ते धूड पाथर्डी फाट्याजवळ इस्माईलचाचांच्या गॅरेजमध्ये उभं होतं. चाचांनी इंजिन चालू करून दिलं, पण रंगावरून त्यांचं आणि मावशींचं रोज वाजायचं.

"मेटॅलिक मारू, भाभी," चाचा म्हणायचे. "शादी-ब्याहमध्ये भाड्यानं जाईल. नवरदेव बसेल."

"नवरदेव नको. माझा एक होता तेवढा बास."

जुना रंग काढायला चाचांकडे औषध होतं, लावलं की रंग फुगून सुटतो. मावशींनी ते लावू दिलं नाही. रोज दुपारी डबे रवाना झाले की त्या तिथं जायच्या आणि काचकागद घेऊन लाल रंग स्वतः घासायच्या. मी एकदा रंगाचा डबा पोचवायला गेले तेव्हा पाहिलं. खाली जुनं धोतर पसरलेलं, त्यावर लाल भुकटी पडत होती. मावशींच्या भुवया, केस, पदर सगळं लाल झालं होतं. घासून झाल्यावर त्यांनी धोतराची चार टोकं उचलली आणि भुकटी एका स्टीलच्या डब्यात ओतली.

"याचं काय करणार?" मी विचारलं.

"दुसऱ्याची वस्तू हाय. ठेवायला नको का जपून?"

ट्रॅक्टर झाला तेव्हा अप्रतिम दिसत होता, हे मला सांगितलंच पाहिजे. मशीननं चूक केली नव्हती. टूलबॉक्सच्या आतला निळा आता चाकापासून बोनेटपर्यंत होता. पोळ्याच्या सकाळी चाचांनी तो टेम्पोवर चढवला आणि मावशी नवं हिरवं लुगडं नेसून पुढे बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या, तेव्हा पप्पांनी "काय म्हणतोय गाव?" असं विचारलं. मावशी पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या.

ट्रॅक्टर कुणीच ओळखला नव्हता. पोरं फोटो काढत होती. म्हातारे हात फिरवत होते, म्हणत होते, मालननं नाशकात जाऊन चांगली प्रगती केली, नवा ट्रॅक्टर घेतला. दीर स्वतः पुढे आला, बोनेटला गंध-फुलं वाहिली, हार घातला आणि तोरणाशी "कुणाचा?" विचारल्यावर कौतुकानं ओरडला, "आमच्या वहिनींचा, नवा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर तो मावशींना म्हणाला, "वहिनी, रंग लय भारी निवडला. कोणती कंपनी?"

"टाळ्या," मावशी म्हणाल्या. "मला टाळ्या दिल्या त्यांनी."

मग बराच वेळ त्या शेड कार्ड उलटत बसल्या. शेवटी त्यांनीच शोधून काढलं, काय चुकलं ते. ट्रॅक्टर शोरूममधून आला तेव्हा नवा होता, किती दिवस? एक पाऊस, एक उन्हाळा. पुढची सगळी वर्षं गावानं पाहिला तो उडालेल्या रंगाचा. टूलबॉक्सच्या आतलं निळं गावानं कधी बघितलंच नव्हतं. ते फक्त नामदेवांना आणि पान्यांना माहीत.

"मी कंपनीचा रंग दिला," मावशी म्हणाल्या. "कंपनीचं काय करायचंय मला? मला त्या लालनं ट्रॅक्टर नेला त्या दिवसाचा पाहिजे."

"नमुना आहे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो निळा लाल रंगाच्या बरोबर खाली होता. लाल खरवडण्याच्या नादात त्यांनी तोही घासून टाकला होता, स्वतःच्या हातांनी, सगळ्या ट्रॅक्टरभर.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं असं मी म्हटलं तर पप्पांना वाईट वाटेल. मावशी दुपारी येत, मी पत्र्याच्या तुकड्यांवर रंग ओढून ठेवलेले असत. मूळ निळ्यात पांढरा, मग राखाडी, मग किंचित पिवळा. त्या एकेक तुकडा उन्हात नेऊन बघायच्या.

"हा शाळेच्या शर्टाचा."

"हा मेलेला हाय. तो थकलेला होता, मेलेला नव्हता."

"हा जवळ आला. पण ह्याच्यात बाग नाय."

बाग म्हणजे काय ते मला कळेना. पुढच्या आठवड्यात त्या एक फुटकी प्लास्टिकची बादली घेऊन आल्या. डाळिंबावर रोग पडू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून फवारतात, बादलीच्या काठाला ते वाळून फिकं निळसर बसलं होतं. नामदेव वर्षानुवर्षं ते फवारायचे. ट्रॅक्टरच्या अंगावर ते उडायचं, वाळायचं, धुतलं तरी पुरतं जायचं नाही. "त्याचा अर्धा रंग कंपनीचा होता," मावशी म्हणाल्या, "आन् अर्धा आमच्या बागेचा."

मी बादलीचा काठ मशीनला लावला. मग ते आकडे आणि उडालेल्या निळ्याचे आकडे घेऊन बसले. मला स्वतःला कुणी कधी विचारलं नाही, पण माझ्याही मनात एक-दोन माणसं आहेत, मी माफ न केलेली. त्यांच्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की तो रंग मिसळताना मला आकडे दोनदा बघावे लागले नाहीत. पत्र्यावर ओढून वाळवला आणि मावशींना दाखवला, तेव्हा त्यांनी तो उन्हात नेला नाही. तिथंच उभं राहून त्यावर तळहात ठेवला.

"हाच," त्या म्हणाल्या.

मशीनमध्ये नव्या रंगाला नाव द्यावं लागतं. मी लिहिलं, 'नेला त्या दिवसाचा'.

इस्माईलचाचांनी कपाळावर हात मारला. "नया रंग घालवून पुराना मारायचा? भाभी, लोग मुझे पागल बोलेंगे." पण मारला. मागच्या बाजूला फवारणीचे शिंतोडेही उडवले. सगळं झाल्यावर मावशी काचकागद घेऊन डाव्या मडगार्डशी गेल्या आणि वरचा रंग घासायला लागल्या. चाचा ओरडले. त्या थांबल्या नाहीत. हातभर जागा पत्रा दिसेपर्यंत घासली, कडांना हळूहळू विरत नेलेली.

"हितं मी बसायचे," त्या म्हणाल्या. "लुगड्यानं गेला होता रंग."

त्या पोळ्याला त्या मला घेऊन गेल्या. "रंग तुझा हाय, तू पाहिजेस."

मला वाटलं होतं दीर दुष्ट दिसेल. तो स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतला, हळू बोलणारा म्हातारा होता. मला म्हणाला, "बेटा, लांबून आलीस, पाणी घेतलं का?" आणि स्वतः तांब्या आणून दिला. मी पाणी प्यायले. पण मन बदललं नाही.

ट्रॅक्टर गावाच्या फाट्यावरच उतरवून झाकून ठेवला होता. रांग अर्धी गेल्यावर चाचांनी तो चालू केला. मावशी घासलेल्या जागेवर बसल्या, एक हात मागच्या दांडीवर, पदर खांद्यावरून घेतलेला, डोकं उघडं. ट्रॅक्टर वळणावरून आला आणि वाजंत्री वाजत राहिली, पण माणसं बोलायची थांबली. पहिल्यांदा एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. मग तोरणाशी बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक काठी टेकत उठला. तो बागलाणातला असावा, अहिराणी बोलत होता.

"कोना शे हाऊ?" त्यानं विचारलं. कुणाचा आहे हा?

पद्धत म्हणून विचारलं असेल असं मला आधी वाटलं. पण त्याचे डोळे मडगार्डवरच्या उघड्या पत्र्यावर होते. त्याला माहीत होतं.

दीर पुढे आला होता, हातात हार घेऊन. तो तिथंच थांबला. बोनेटकडे बघितलं, शिंतोड्यांकडे बघितलं, मग मावशींकडे. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, सणाच्या दिवशी जुनं कशाला उकरता?"

"उकरलं नाय भाऊजी. रंगवलं."

दिराला 'भाऊजी' म्हणताना मी मावशींना पहिल्यांदाच ऐकलं. चाचांनी इंजिन बंद केलं. मागं रांग अडली, बैलांच्या घुंगरांचा आवाज येत राहिला.

"कोना शे?" म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं.

दिराचे ओठ हलले.

"ऐकू नाय आलं," मावशी म्हणाल्या. "मी वर बसले ना, लांब हाय मी."

त्यानं हातातला हार मनगटावर गुंडाळला. मग मान वर करून, वेशीच्या पलीकडल्या घरांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणाला, "नामदेवचा! दादाचा हाय."

मावशी हलल्या नाहीत. रडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. चाचांना म्हणाल्या, "चला," आणि ट्रॅक्टर तोरणाखालून गेला.

पलीकडे गेल्यावर त्या उतरल्या. पिशवीतून तो स्टीलचा डबा काढला आणि दिराच्या हातात दिला. सणाचा डबा म्हणजे पुरणपोळीच असणार, त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. त्याचा चेहरा सैल झाला. माफी झाली असं त्याला वाटलं असावं. झाकण उघडताना त्याची बोटं आत गेली आणि लाल होऊन बाहेर आली.

"तुमचं तुमच्याकडं," मावशी म्हणाल्या. "मोजून घ्या. कण पण ठेवला नाय मी."

परतताना गाडीत मला वाटलं होतं, आता ते वैर संपलं. सोमवारी पप्पांचा डबा आला तेव्हा मी मुद्दाम झाकण उघडून बघितलं. हिरवी भाजी.

मी न राहवून गेले त्यांच्याकडे. सिलिंडर झबल्यातच होता.

"मावशी, आता तरी लाल तिखट आणा."

त्या पोळी लाटत होत्या. "कशाला? तो हाय ना अजून."

त्या दिवाळीनंतर त्यांनी केंद्र बंद केलं आणि गावाला निघाल्या. सासरच्या घरात त्यांच्या वाटणीच्या दोन खोल्या इतकी वर्षं कुलपात होत्या, बरोबर दिराच्या ओट्यासमोर. ट्रॅक्टर तिथंच, अंगणात उभा राहणार होता. सकाळी दीर चहाला बाहेर येईल तेव्हा समोर. संध्याकाळी दिवा लागताना समोर. जाण्याआधी त्या दुकानात आल्या. त्याच रंगाचा एक डबा घेतला आणि पप्पांना सांगितलं, दर वर्षी पोळ्याआधी एक पाठवत जा.

"एवढा कशाला लागेल, मालनताई?" पप्पा म्हणाले.

"उन्हानं उडतो. उडू द्यायचा नाय."

अजून मी तो पाठवते. नाव मशीनमध्ये तसंच आहे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते महामार्गाच्या चौकात. चाचा चालवत होते, मागं ट्रॉलीत पातेली, पोळपाट, झबल्यातला सिलिंडर, आणि मावशी मडगार्डवर त्यांच्या जागी. मी रिक्षात होते, हाक मारायचं धैर्य झालं नाही. चौकात आम्ही सगळे थांबलो. समोर सिग्नल लाल होता. मावशींनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली. गाड्या हलायला लागेपर्यंत त्या तशाच बसल्या होत्या.